चाळिशीत बीपी वाढलं, डॉक्टर म्हणतात कारण नाही. मग वाढलं कशानं?

प्रश्न असा आला आहे : वय ४१, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये बीपी १५६/९८ निघालं, आठवड्यानं फॅमिली डॉक्टरांकडे १५२/९६. सिगारेट नाही. वजन ८४ किलो, उंची ५ फूट ७ इंच. वडिलांना पन्नाशीत बीपी सुरू झालं होतं. डॉक्टर म्हणाले, ‘याला तसं कारण नसतं, गोळी सुरू करू.’ घरचे म्हणतात टेन्शन. कारणच नसेल तर गोळी कशावर घ्यायची? आणि नोकरी बदलली तर बीपी उतरेल का?

तुमच्या डॉक्टरांचं वाक्य चुकीचं नाही, अपुरं आहे. बाहेर पंधरा पेशंट खोळंबलेले असले की आम्ही डॉक्टर सगळेच ते वापरतो. त्यांना म्हणायचं होतं ते असं : शंभरातल्या पंचाऐंशी-नव्वद जणांच्या बीपीमागं बोट ठेवून दाखवता येईल असं एकच एक कारण सापडत नाही. पाच-सहा गोष्टी वर्षानुवर्षं थोड्या थोड्या साचत जातात आणि चाळिशीच्या आसपास आकडा रेषा ओलांडतो. उरलेल्या दहा-पंधरा जणांत मात्र ठोस कारण असतं : किडनीत, एखाद्या ग्रंथीत, रक्तवाहिनीत, नाहीतर खिशातल्या गोळ्यांच्या पाकिटात. तुम्ही यातल्या कुठल्या गटातले, हे ठरवायला फार महागड्या तपासण्या लागत नाहीत. प्रश्न मात्र बरेच विचारावे लागतात आणि तेच घाईत राहून जातं.

टेन्शनबद्दलचं माझं मत आधीच सांगून टाकतो. त्याच्यावर जेवढा आळ येतो त्या मानानं त्याचा दोष फार कमी असतो. का, ते पुढे येईलच.

पहिलं काम म्हणजे बीपी खरंच वाढलेलं आहे ना, हे पक्कं करणं. दवाखान्यात वाढलेलं दिसणाऱ्या दर चार-पाच जणांत एकाचं घरी व्यवस्थित असतं. डॉक्टर समोर दिसले की चढतं, बाहेर पडलं की उतरतं. मोजण्याची पद्धत हा आणखी एक घोळ. धावत जिना चढून यायचं, खुर्चीत टेकायचं, पट्टा गुंडाळेपर्यंत मोबाइलवर बोलायचं आणि वर लघवी तुंबलेली, अशा अवस्थेत मोजलेला आकडा दहा-पंधरानं सहज वाढतो. दंड जाड आणि पट्टा नेहमीच्या मापाचा असला तरी १० ते २०नं जास्त दिसू शकतं. तुमच्या वजनाला हे तपासून बघण्यासारखं आहे. दंडावर बांधायचं डिजिटल मशीन आणा, मनगटाचं नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, दंड छातीच्या पातळीवर ठेवून बसा. त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नाही. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा असं सात दिवस मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर आली तर बीपी आहे असं समजायचं. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० धरतात. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० धरू लागले, त्यामुळे नेटवर वेगवेगळे आकडे दिसतील, गोंधळून जाऊ नका. तुमचे दोन्ही आकडे कुठल्याही मापानं वरच आहेत.

आता कारणांकडे.

बीपी म्हणजे हृदयाचा आजार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. हृदय आणि मेंदू हे बिचारे मार खाणारे. दाब किती राहील हे दीर्घकाळात ठरवते मुख्यतः किडनी. रक्तात मीठ-पाणी किती ठेवायचं आणि लघवीतून किती सोडायचं, हे ती दाबावरून ठरवत असते. दाब थोडा वाढला की जास्त मीठ सोडते, त्यामागून पाणी जातं, रक्ताचं आकारमान घटतं आणि दाब जागेवर येतो. हे इतकं बिनचूक चालतं की नुसतं हृदय जोरात धडकलं किंवा रक्तवाहिन्या थोड्या आवळल्या, तर त्यानं दाब कायमचा वाढत नाही. किडनी काही दिवसांत तो मोडून काढते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्थर गायटन यांनी याचं गणितच मांडलं : बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहायचं असेल तर किडनीचा मीठ सोडण्याचा बिंदू वर सरकलेला असलाच पाहिजे. गीझरचा थर्मोस्टॅट कोणीतरी वर करून ठेवावा, तसं. म्हणजे पूर्वी १२०ला जेवढं मीठ बाहेर जायचं तेवढंच बाहेर टाकायला आता तिला १५० लागतात. हा सिद्धांत आजही सगळ्यांना जसाच्या तसा मान्य आहे असं नाही, मज्जासंस्था आणि रक्तवाहिन्यांची बाजू घेणारेही आहेत. पण पेशंटला समजावताना मला याच्याइतकं उपयोगी काही सापडलेलं नाही, कारण पुढची बहुतेक कारणं फिरून याच जागी येतात.

सुरुवात वडिलांपासून करू. आई किंवा वडिलांना बीपी असेल तर मुलांना होण्याची शक्यता वाढते, दोघांना असेल तर आणखी. यात एखादं ‘बीपीचं जनुक’ नसतं. शेकडो जनुकं प्रत्येकी अर्धा-एक अंश ढकलतात. त्यावर इलाज नाही, म्हणून मी त्याबद्दल जास्त बोलत नाही.

त्यापेक्षा तुमच्या आईला एक विचारा : जन्मलात तेव्हा वजन किती होतं? प्रश्न विचित्र वाटेल. किडनीतल्या गाळण्या, म्हणजे नेफ्रॉन, आईच्या पोटातच तयार होतात. गरोदरपणाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यानंतर नवी गाळणी बनत नाही. एका किडनीत सरासरी दहा लाख असतात, पण माणसामाणसात फरक प्रचंड. जर्मनीत अपघातात दगावलेल्या मध्यमवयीन लोकांच्या किडन्या तपासून २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बीपी असलेल्यांच्या गाळण्या बीपी नसलेल्यांच्या जवळजवळ निम्म्या निघाल्या. अशक्त जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला गाळण्या कमी येतात. आता हे आपल्याकडे आणून बघा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. त्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीनच्या आसपास. गंमत अशी की आपली बाळं हाडापेरानं आणि स्नायूंनी बारीक, पण चरबी त्या मानानं राखून होती. पुढे हेच मूल शहरात येतं, खुर्चीत बसतं, तिशीत पोट सुटतं. मधुमेह आणि बीपी आपल्याकडे लवकर का गाठतात, त्याची पायाभरणी अशी आधीच झालेली असते.

आता मीठ. इथं जरा थांबणार आहे.

१९८८ साली ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी दहा हजारांवर लोकांची लघवी चोवीस तास गोळा करून मिठाचा मोठा अभ्यास झाला. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी आदिवासी होते. त्यांच्या जेवणात वरून मीठ जवळजवळ नाहीच. त्यांचं सरासरी बीपी ९५/६१च्या आसपास निघालं आणि वयाबरोबर ते वाढतही नव्हतं. ‘वय झालं की बीपी वाढायचंच’ हे आपण निसर्गनियम म्हणून धरून चालतो. तो नियम मीठ खाणाऱ्यांचा आहे. यानोमामी बारीक असतात, दारू पीत नाहीत, दिवसभर हिंडतात, हेही खरं. सगळं श्रेय मिठाला देऊ नये. पण मीठ कमी केलं की बीपी उतरतं हे नंतरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. बीपी असलेल्या माणसानं रोजचं मीठ चारेक ग्रॅमनं कमी केलं तर वरचा आकडा सरासरी पाचेकनं खाली येतो. सगळ्यांचा सारखा उतरत नाही. वयस्कर माणसं, किडनी कमजोर असलेली आणि मधुमेही मिठाला जास्त संवेदनशील असतात.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, सगळ्या दिवसाचं, सगळ्या पदार्थांतलं मिळून. आपण त्याच्या दीडपट-दुप्पट खातो. पेशंटला हे सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘डॉक्टर, मी वरून मीठ घेतच नाही.’ घेत नसाल, पण वरून घेतलेलं मीठ हा त्यातला लहान वाटा. युरोप-अमेरिकेत मीठ पोटात जातं ते मुख्यतः पाकिटातल्या खाण्यातून, आपल्याकडे घरच्या पातेल्यातून. त्यामुळे तिकडचा ‘पाकिटावरचं लेबल वाचा’ हा सल्ला आपल्याला पुरत नाही. भाजीत मीठ, आमटीत मीठ, कणकेत मीठ, भातातही काही घरांत मीठ. मग ताटाची डावी बाजू : लोणचं, चटणी, पापड, कुरडई, सांडगी मिरची. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात सुके बोंबील, सुकट, खारा बांगडा. आमच्या कोल्हापूरकडं मिसळ आणि वर मूठभर फरसाण. पाव-ब्रेड चवीला खारट लागत नाहीत, पण मीठ त्यातही असतं. तुमच्या ऑफिसच्या कँटीनचं मी सांगायला नको.

खारट न लागणारं सोडियम तर कोणाच्या ध्यानातच येत नाही. पापडखार, खायचा सोडा, ढोकळा-इडली फुगवायला टाकतात ती पावडर, ॲसिडिटीवर पाण्यात फसफसवून पितात ती पावडर, सगळ्यात सोडियम आहे. महिन्यातून एकदा घेतली तर काही बिघडत नाही. रोज रात्री जेवण जड झालं म्हणून घेणारे आहेत, त्यांनी ती हिशेबात धरावी. पाण्यात टाकल्यावर फसफसून विरघळणाऱ्या औषधी गोळ्यांचंही तेच.

सैंधवाचा प्रश्न येणारच, म्हणून लिहून ठेवतो. सैंधव, काळं मीठ, गुलाबी मीठ हे सगळं प्रामुख्यानं सोडियम क्लोराइडच आहे. बीपीला त्याचा रंग कळत नाही. ‘लो सोडियम’ मीठ ही मात्र वेगळी चीज आहे. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. चीनमधल्या खेड्यांत साधं मीठ बदलून असं पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइडचं मीठ दिल्यावर पक्षाघाताचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ साली दिसून आलं. म्हणजे उपयोगी आहे. पण किडनी कमजोर असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशी बीपीची गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम तपासल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका. घरात एक पातेलं असतं आणि त्यात सासूबाईंच्याही किडन्या असतात.

वजनाकडे येतो. ८४ किलो आणि ५ फूट ७ म्हणजे बीएमआय २९. तुम्ही ते प्रश्नात एका शब्दात उरकलंत, पण भारतीयांसाठी २५च्या पुढं लठ्ठपणा धरतात. कंबर बेंबीच्या पातळीवर मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८०, याच्या वर गेली की पोटाची चरबी वाढलेली. ही चरबी नुसती पडून राहत नाही. किडनीभोवती साचून तिला दाबते, मज्जासंस्थेला चेतवते. शिवाय अशा शरीरात इन्शुलिनची पातळी वाढलेली असते आणि इन्शुलिन किडनीला मीठ धरून ठेवायला लावतं. पुन्हा तोच थर्मोस्टॅट. उलट बाजूनं हिशेब सोपा आहे : एक किलो उतरलं की बीपी साधारण एका अंशानं उतरतं. आठ किलो उतरवलेत तर एका गोळीचं काम होतं. तुमच्या बाबतीत मला पैज लावायची असेल तर मी इथं लावीन.

हे वाचत असाल तेव्हा बायको जवळ असेल तर तिला विचारा, मी घोरतो का? आणि घोरता घोरता मध्येच श्वास थांबून मग एकदम हिसका बसतो का? याला स्लीप ॲप्निया म्हणतात. रात्रभर श्वास अडतो, ऑक्सिजन खाली जातो, प्रत्येक वेळी शरीर दचकून उठल्यासारखं अॅड्रिनलिन सोडतं. रात्री बीपी उतरायला हवं तेव्हा चढतं आणि हळूहळू दिवसाही चढलेलं राहतं. सकाळी डोकं जड, दुपारी मीटिंगमध्ये डुलकी, मान आखूड आणि जाड, तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात नाही, असा माणूस समोर आला की मी आधी झोपेचं विचारतो. पेशंट स्वतः कधीच सांगत नाही, त्याला माहीतच नसतं. घरातल्यांना घोरणं हा विनोदाचा विषय वाटतो.

दारू : रोज दोन पेगच्या वर नेमानं गेली तर बीपी वाढतं, आणि सोडल्यावर दोन-चार आठवड्यांत उतरतानाही दिसतं. ‘फक्त वीकेंडला’ म्हणत एका बैठकीत आठवड्याची पिणाऱ्यांनाही सूट नाही. चहा-कॉफीनं तासा-दोन तासांपुरतं थोडं चढतं, रोजची सवय असलेल्यांना तेही फारसं नाही. मी कोणाचा चहा तोडत नाही. तंबाखूच्या प्रत्येक चिमटीनं, सिगारेटनं नाडी आणि बीपी अर्धा तास वर जातात. दिवसातून दहा-बारा वेळा मळणाऱ्याचं मग उतरतं कधी? तंबाखू रक्तवाहिन्या बिघडवते तो भाग वेगळाच. आणि बायकांना विचारताना ‘तंबाखू खाता का’ असं विचारून भागत नाही. मशेरी लावता का, असंच विचारावं लागतं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण लावणाऱ्या मावशींच्या लेखी ते दात घासणं असतं.

आता टेन्शन. भांडण झालं, परीक्षा आली, ट्रॅफिकमध्ये अडकलात, तर बीपी तेवढ्यापुरतं वीस-तीसनं वाढतं, यात शंका नाही. थोड्या वेळानं उतरतंही. पण तेच साचून कायमचं बीपी होतं, याचा पुरावा आपल्याला वाटतो तितका भक्कम नाही. टेन्शनचं काम मागच्या दारानं चालतं. रात्री एकला झोपायचं, सकाळी सातला कॉल, जेवण बाहेरून, चालणं बंद, शुक्रवारी पिणं. सहा तासांहून कमी झोप स्वतःच बीपी वाढवते. मज्जासंस्थेचा यात हात आहे हे मात्र खरं, आणि ते दाखवून देण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे शेकडो वर्षं वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली बीपीच्या पेशंटवरचे तिचे परिणाम ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडले आणि जगभर खळबळ उडाली. तीन वर्षांनी तिच्यातलं रेसरपिन वेगळं काढलं गेलं. हे औषध मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरअॅड्रिनलिनचा साठा रिकामा करतं आणि दाब उतरतो. मनही उदास होतं, म्हणून ते मागे पडलं. मूळ आजही काहीजण गावठी औषध म्हणून घेतात. तुम्ही घेऊ नका.

टेन्शनवर खापर फोडण्यात एक सोय आहे : दोष बॉसचा, सुनेचा, कर्जाचा होतो. मीठ, पोट आणि घोरणं ही आपली स्वतःची नावं असतात.

पुढचा भाग फार महत्त्वाचा, आणि तुम्ही प्रश्नात त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. कुठली औषधं घेता? ‘काही नाही’ असं म्हणून माणूस उठायला लागतो आणि दारापर्यंत गेल्यावर आठवतं, गुडघ्यासाठी, पाठीसाठी एक गोळी असते कधीतरी. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एटोरिकॉक्सिब ही पेनकिलर किडनीतली प्रोस्टाग्लॅंडिन नावाची रसायनं दाबतात आणि मीठ-पाणी अडतं. सरासरी वाढ तीन ते पाच अंशांची असली तरी एखाद्याचं वीसनं उसळतं, आणि चालू असलेली बीपीची गोळीही निकामी ठरते. दिवसभर लॅपटॉपवर बसणाऱ्यांची मान-पाठ दुखते, मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी येते, ड्रॉवरमध्ये राहते. तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे का बघा. पॅरासिटामॉल त्या मानानं बरी, तरी पूर्ण डोसात रोज महिनोन्महिने घेतली तर तीही थोडं वाढवते.

सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलेफ्रिन, नाक मोकळं करणारे थेंब, दमा-संधिवात-त्वचारोगासाठीची स्टेरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, डिप्रेशनवरची काही औषधं, जिममधली स्नायू फुगवणारी इंजेक्शनं, सगळी या यादीत येतात. बिनलेबलच्या पुड्यांबद्दल काय सांगू? सांधेदुखी ‘दोन दिवसांत गायब’ करणाऱ्या पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चेहरा गोल, पोट मोठं, हातपाय बारीक आणि बीपी-शुगर दोन्ही वाढलेलं, असा माणूस आला की मी पुडी दाखवा म्हणतो.

आणि ज्येष्ठमध. घसा बसला की काडी चघळणं यात काही वावगं नाही. पण महिनोन्महिने रोज काढा किंवा चूर्ण घेतलं तर त्यातलं ग्लिसरायझिन किडनीतलं एक विकर (एन्झाइम) अडवतं, शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक अल्डोस्टेरॉनसारखं, म्हणजे मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकासारखं, वागायला लागतं, मीठ अडतं, पोटॅशियम लघवीवाटे वाहून जातं. बीपी वाढतं, पायात गोळे येतात. बंद केल्यावर काही आठवड्यांत पूर्ववत होतं. गायक, शिक्षक, प्रवचनकार यांना हे मी मुद्दाम विचारतो.

राहिली ती ठोस कारणं, ज्यांना आम्ही दुय्यम बीपी म्हणतो. तुमच्या वयाला आणि वजनाला त्यांची शक्यता कमी, पण एकदा चाळून बघावी अशीच. सगळ्यात वरचं नाव पुन्हा किडनीचं. किडनीच्या आजारानं बीपी वाढतं आणि बीपीनं किडनी खराब होते, त्यामुळे आधी काय झालं हे कित्येकदा उशिरा आलेल्या पेशंटमध्ये सांगताच येत नाही. लघवीला फेस येणं, सकाळी डोळ्यांभोवती सूज, वारंवार मुतखडे, घरात कोणाला किडनीत पाण्याच्या गाठी, हे सांगायला विसरू नका.

दुसरं नाव अल्डोस्टेरॉनचं. किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी हे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त बनवतात. जेरोम कॉन यांनी १९५५ साली हा आजार वर्णिला तेव्हा तो दुर्मीळ समजला गेला. आता कळतंय की बीपीच्या शंभरात पाच ते दहा जणांना तो असतो आणि आम्ही शोधतच नाही. पोटॅशियम कमी असेल तर संशय येतो, पण निम्म्याहून अधिक जणांत ते नॉर्मलच असतं. रक्तातलं अल्डोस्टेरॉन आणि किडनीतून येणारं रेनिन यांचं गुणोत्तर काढलं की चाळणी होते. सगळ्या बीपीवाल्यांची ही तपासणी एकदा करावी, असा कल आता परदेशात वाढतो आहे. आपल्याकडे खर्च बघता मी ती तीन गोळ्यांना दाद न देणाऱ्यांत, पोटॅशियम कमी असणाऱ्यांत आणि तरुणांत आग्रहानं करतो.

तिशीच्या आतल्या माणसाचं बीपी वाढलेलं असेल तर ‘कारण नसतं’ हे वाक्य कोणी उच्चारू नये. दोन्ही हातांचं आणि पायाचं बीपी मोजायला पाच मिनिटं लागतात. हाताचं जास्त आणि पायाचं कमी असेल तर महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, जन्मतः अरुंद असू शकते. तरुण मुलीच्या एका हाताची नाडी लागत नाही, दोन हातांच्या बीपीत वीसहून जास्त फरक, बारीक ताप, वजन घटलेलं, तर ताकायासू हा मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार डोक्यात यायला हवा. तो भारतात आणि जपानसारख्या आशियाई देशांत पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो, आणि किडनीची रक्तवाहिनी आवळून बीपी वाढवतो. थायरॉइड कमी असेल तर खालचा आकडा वाढतो, जास्त असेल तर वरचा. अचानक डोकं ठणकणं, दरदरून घाम, धडधड हे तिन्ही झटक्याझटक्यानं येत असेल तर फिओक्रोमोसायटोमा नावाची अॅड्रिनलची गाठ शोधावी लागते. ती खरोखर दुर्मीळ आहे.

बायकांसाठी दोन ओळी. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर वाढलेलं बीपी बाळंतपणानंतर उतरलं तरी तो विषय संपत नाही. अशा बाईला पुढं आयुष्यात बीपी आणि हृदयविकाराचा धोका जास्त राहतो, म्हणून दरवर्षी मोजत राहावं. पाळी गेल्यानंतरही बीपी चढायला लागतं, आणि त्या वयात सगळं ‘पाळीमुळे होतंय’ म्हणून टाळलं जातं.

तुमच्यापुरतं बोलायचं तर : घरचं सात दिवसांचं मोजमाप, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन, उपाशीपोटी शुगर, कोलेस्टेरॉल, थायरॉइडसाठी टीएसएच आणि ईसीजी. एवढ्यात काही वावगं निघालं नाही, घोरण्याचा आणि पेनकिलरचा प्रश्न निकालात निघाला, तर तुमचं उत्तर बहुधा वडील, वजन आणि मीठ या तिघांत वाटलेलं आहे.

गोळी कशावर, हे विचारलंत. गोळीला कारण लागत नाही, कारण ती दाबावर काम करते. अॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते, टेल्मिसार्टन त्या आवळणाऱ्या रसायनाला अडवते, क्लोरथॅलिडोन किडनीला मीठ सोडायला लावते. दाब कशानंही वाढलेला असो, मेंदूतल्या आणि किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या त्यानं सारख्याच झिजतात, आणि तेही काही जाणवू न देता. घरची सरासरी १५०/९५च्या आसपास राहिली तर आठ किलो उतरायची वाट बघत बसू नका. गोळी सुरू करा, वजन उतरवा, मग डोस कमी करता येतो का ते डॉक्टरांबरोबर ठरवा. काहींची गोळी सुटतेही. स्वतःहून बंद करू नका. मधल्या काळात आकडा १८०/१२०च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलताना जीभ अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं किंवा अंधुक दिसणं असेल, तर मशीन बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल गाठा.

नोकरी बदलल्यानं बीपी उतरेल का? नव्या नोकरीत सातला घरी पोचून तासभर चालणार असाल, डबा नेणार असाल आणि सात तास झोपणार असाल, तर थोडं उतरेल. नुसता बॉस बदलून उतरलेलं मी पाहिलेलं नाही. आणि भाऊ-बहीण असतील तर त्यांनाही या आठवड्यात मोजून घ्यायला सांगा. वडील तुमचे एकट्याचे नाहीत.